चोवीस बोटं, एक सुई

"ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पर्समधून वही काढली आणि ते शब्द लिहून घेतले. सवयच तशी. मी अकरावी-बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवते. न समजलेला शब्द आधी लिहायचा, मग विचारायचा, हे वर्गात मीच सांगत असते.

सप्टेंबर संपत आला होता. आठ दिवसांपासून भूक मेली होती. फोडणीच्या वासाने मळमळायचं, लघवी काळ्या चहासारखी व्हायची. डोळे पिवळे दिसले तेव्हा वाटलं, ही पावसाळ्यातली नेहमीची कावीळ, पाण्यातून आलेली. कोराडीच्या आमच्या कॉलनीत त्या वर्षी तीन घरांत ती होती. मी उकळलेलं पाणी, उसाचा रस, तेल बंद, अशी यादी करून स्वयंपाकघरात लावूनही टाकली होती.

डॉक्टरांनी सांगितलं की कावीळ एकाच वाटेने येत नाही. एक कावीळ तोंडावाटे येते, घाण पाण्यातून. दुसरी रक्तातून रक्तात जाते. तिला सीरम हिपॅटायटिस म्हणतात. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. या दुसऱ्या काविळीचा विषाणू अंगात असला की रक्तात त्याची एक खूण सापडते. ती खूण म्हणजे ऑस्ट्रेलिया अँटिजेन.

"गेल्या सहा महिन्यांत इंजेक्शन, ऑपरेशन, रक्त?"

मे महिन्यात माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या होत्या. बाटलीतल्या रक्ताची ही तपासणी तेव्हा सगळीकडे होत नसे. मी त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही.

"मग तिथूनच," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर तुमचं रक्त कोणाला लागलं? म्हणजे एकच सुई, एकच ब्लेड?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत असावेत. 'नाही' येणार असं धरून त्यांनी पेन कागदावर टेकवलंही होतं.

"तेवीस मुलींना," मी म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अकरावीचं रक्तगटाचं प्रॅक्टिकल होतं. आनुवंशिकतेचा धडा होता. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर दोन थेंब घ्यायचे, त्यांत रक्तगट ओळखायची दोन वेगवेगळी सीरम घालायची, कुठे गुठळ्या होतात ते पाहायचं. रजिस्टरात मी पाच रकाने आखले होते: क्रमांक, नाव, स्वतःचा गट, आईचा गट, वडिलांचा गट. शेवटचे दोन मुलींनी घरी विचारून भरायचे होते.

प्रयोगशाळेत टोचायच्या चार सुया होत्या. पावसाळ्यात तीन गंजल्या. नव्या सुया मागवणं माझ्या यादीत होतं, पण त्या आल्या नव्हत्या. थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कारण त्या आठवड्याच्या यादीत 'रक्तगट' लिहिलेलं होतं आणि माझ्या यादीतलं काम पुढच्या आठवड्यात गेलेलं मला चालत नसे.

मुली घाबरल्या होत्या. त्यांची भीती जावी म्हणून मी आधी स्वतःच्या बोटाला टोचलं. मग सुनंदा पुढे आली. हातमाग चालवणाऱ्याची मुलगी, पाचपावलीहून चालत यायची.

"मॅडम, मले टोचा. ह्यायले पाहू द्या, कोनी मरत नाई म्हनून."

वर्ग हसला आणि रांग लागली. प्रत्येक बोटानंतर मी सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पुस्तकात 'निर्जंतुक सुई' असं छापलेलं होतं. स्पिरिटने पुसलं की सुई निर्जंतुक झाली, हे मी अकरा वर्षं शिकवत आले होते. पुष्कळ जंतू त्याने मरतातही. हा विषाणू नुसत्या पुसण्याने जात नाही.

रजिस्टर अपुरं ठेवायचं नाही म्हणून पहिल्या ओळीत मी माझं स्वतःचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत सुनंदाचं.

मला सहा आठवडे अंथरुणात राहायचं होतं. शाळेच्या मोठ्या बाई सीताबर्डीहून बसने भेटायला आल्या, पायाशी बसल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही आधी बऱ्या व्हा. रक्त आणि कावीळ हे दोन शब्द एका पत्रात पालकांच्या हाती पडले, तर पुढच्या वर्षी एकही मुलगी सायन्सला येणार नाही. कोणाला काही झालं, तर तेव्हा बघू."

त्या मनाने वाईट नव्हत्या. मुलींना सायन्सला आणायला त्यांनी घरोघरी जाऊन पालकांची मनं वळवली होती. तरीही मी म्हटलं की तेव्हा बघून उपयोग नाही, कारण ही कावीळ टोचल्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकते.

त्याच संध्याकाळी यजमानांना कागद घेऊन बसवलं. ते वीज केंद्रात फोरमन होते. मी सांगितलेलं त्यांनी लिहिलं, मग वाचून म्हणाले, "'घाबरू नका' तीनदा आलंय. एकदाच ठेव. तीनदा वाचलं की माणूस घाबरतोच."

एकदाच ठेवलं. तेवीस पत्रं त्यांनी ड्यूटीनंतर स्वतः नेऊन दिली. डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, गुरुवारी मोठ्या सरकारी दवाखान्यात या, रक्त तपासू, नवी सुई प्रत्येकीला वेगळी असेल, असं त्यात होतं. एकोणीस मुली पहिल्याच गुरुवारी गेल्या. उरलेल्या चौघींना दुसरं पत्र लिहावं लागलं. रजिस्टरातले आईचा गट आणि वडिलांचा गट हे रकाने रिकामेच होते. त्यांत मी तपासणीची तारीख आणि निकाल लिहायला घेतलं.

एकच निकाल पॉझिटिव्ह आला. दुसरी ओळ.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुनंदाचे डोळे पिवळे झाले. मला हिंडायची परवानगी मिळाली त्या दिवशी पहिली तिच्याच घरी गेले. आत माग चालू होता. दाराशी तिची आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. सुनंदा चटईवर निजली होती, गळ्यात काविळीची काड्यांची माळ.

"माळ घातली हाय, तुमी काई म्हनू नका," आई आधीच म्हणाली. "दवाई बी चालू हाय. तुमी काहून आल्या बाई? तुमचंच आंग पिवळं दिसून राहिलं."

"पत्र मिळालं होतं ना?"

"मले वाचता येत नाई. सुनंदानं वाचून दाखवलं. अर्धंच वाचलं असन, लबाड हाय थे."

चटईवरून सुनंदा हसली. मी उरलेलं अर्धं सांगितलं. चरखा थांबला.

"म्हंजे तुमच्या बोटातलं माह्या पोरीच्या बोटात गेलं."

"हो."

"तुमाले मालूम होतं?"

"नाही."

"मालूम पायजे होतं. तुमी शिकवता ना."

तिने तुटलेला धागा जोडला आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे पोरगी सांगत होती, रक्ताचा गट मायबापापासून लेकरात येते. मंग हे बी येईन का? उद्या हिच्या लेकराले?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण माझी खात्री नव्हती. म्हटलं, "डॉक्टरांना विचारून सांगते. माहीत नसताना आता काही सांगणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "हा आनुवंशिक आजार नाही. रक्तगट येतो तसा हा येत नाही. पण आईच्या रक्तात ती खूण कायमची राहिली, तर बाळंतपणात बाळाला लागण होऊ शकते. बहुतेकांची खूण सहा महिन्यांत जाते. थोड्यांची राहते, त्यांना कॅरिअर म्हणतात, म्हणजे वाहक. मे महिन्यात दोघी या."

हे मी पाचपावलीला जाऊन शब्दाला शब्द सांगितलं. आईने बोटांवर महिने मोजले.

कावीळ उतरली. बिलीरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, माझंही उतरलं आणि सुनंदाचंही. डिसेंबरात ती वर्गात आली. फेब्रुवारीत उरलेल्या बावीस जणींचं रक्त पुन्हा तपासलं. एकीच्याही रक्तात खूण नव्हती. बावीस ओळींवर टिक केल्या. मोठ्या बाईंनी रजिस्टर पाहिलं आणि नव्या सुयांच्या मागणीवर सही केली. जूनमध्ये सायन्सला चार मुली कमी आल्या. मोठ्या बाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

याला आता सात वर्षं होऊन गेली. हे वाचणाऱ्या कोणावर अशी वेळ आली, तर माझं सांगणं एवढंच. कावीळ कोणती आहे हे डॉक्टरांना विचारा, डोळे निवळले म्हणून तपासणी सोडू नका. इंजेक्शनची सुई तुमच्यासमोर उकळून घ्यायला सांगा, संकोच करू नका. आणि आपल्यामुळे दुसऱ्याला लागण झाल्याची शंका असली, तर त्याला आजच सांगा. तो रागावेल. रागावू द्या.

डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या मे महिन्यात आम्ही तिघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुनंदाची आई पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. दोन चिठ्ठ्या आल्या. डॉक्टरांनी सुनंदाची आधी वाचली.

"निगेटिव्ह."

"म्हंजे?" आईने माझ्याकडे पाहिलं.

"गेलं," मी म्हणाले. "पूर्ण गेलं. लेकरालाही भीती नाही."

तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. सुनंदा तिची पाठ थोपटत म्हणाली, "झालं ना वं माय, रडून काहून राहिली?" मी रजिस्टर काढलं आणि दुसऱ्या ओळीपुढे टिक केली.

डोळे पुसून आईने विचारलं, "आन तुमचं?"

डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी माझ्या हातात दिली होती. "माझं राहिलं," मी म्हणाले. मी वाहक होते. अजूनही आहे. रक्तदान करायचं नाही, यकृताची तपासणी दरवर्षी, ब्रश आणि कात्री वेगळी, ही यादी तेव्हापासून पर्समध्ये असते.

तिने पिशवीत हात घातला. आत कागदात गुंडाळलेली नवी माळ होती, हिरव्या काड्यांची. "सुनंदासाठी आनली होती, लागली त. हिले आता कायले?"

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. माळेत काय असतं आणि काय नसतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं आणि मान खाली वाकवली.