जित्त्या बापाची अनाथ पोर

वसतिगृहाच्या मोठ्या मॅडमनी माझ्या नव्या झग्याची बाही धरली आन् टर्रकन फाडली. झगा माझ्या अंगात हुता. बानं दहिवडीच्या बाजारातनं आनलेला, पिवळा. दुसऱ्या बाहीची शिवन पक्की निघाली, तवा कात्री मागवली. मी रडाय लागले तर कानाखाली ठेवून दिली. म्हनल्या, "अशीच रड. फोटोत चांगलं दिसतं."

तवा मी सातवीत. सांगलीजवळ, कुपवाडच्या अंगाला, मिशनच्या पोरींच्या वसतिगृहात. आमी माण तालुक्यातली मेंढकी मानसं. आई मी लहान असतानाच गेली. बा मेंढरं घेऊन ऊसपट्ट्यात हिंडायचा. पोरगी कुठं वनवन फिरवायची, म्हनून त्यानं मला हितं ठेवली. परदेशातल्या एका नवरा-बायकोनी मला 'घेतली' हुती म्हनं, म्हंजी माझ्या खर्चाचं पैसं ते धाडायचे. त्यास्नी दरसाल माझा फोटो जायचा, आन् फोटोतली पोर अनाथ दिसाय पायजे.

त्या साली ते दोघं सोता यायचं ठरलं. माझ्याकडनं पाठ करून घेतलं, माय फादर इज डेड. जिसस इज माय फादर. जीभ अडली की बोटांवर पट्टी. उलट्या हातावर, हाडावर. घास धरता येईना. "पर बा जित्ता हाय की मॅडम," मी एकदाच म्हनले. त्या दिवशी पट्टी मोडली.

पाव्हनं आले त्याच सकाळी बा आला. त्याला काय ठाव! जवळच एका बागायतदाराच्या रानात खतासाठी त्यानं मेंढरं बसवली हुती. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, किटलीत दूध. वॉचमननं गेट लावलं. बा म्हनला, "आवं, माजी पोर हाय आत. एवढं दूध देतो आन् जातो." वॉचमननं त्याचीच काठी हिसकली आन् पाठीत घातली. एक. दोन. फेटा सुटला, दूध मातीत गेलं. मी व्हरांड्यात पाव्हन्यांपुढं उभी. सगळं दिसत हुतं.

गोऱ्या बाईनं गेटाकडं बघून कायतरी इचारलं. मॅडमनी माझ्या दंडात नखं रुतवली आन् हसत हसत म्हनल्या, "कोण गं तो? ओळखतेस?"

मी म्हनले, "न्हाई."

बानं ऐकलं. हात आडवा धरला हुता, तो खाली घेतला. तिसरी काठी डोक्यावर बसली, रगत आलं. तसाच वॉचमनला म्हनला, "चुकलो, आवं. माजी पोर दुसऱ्या शाळंत आसंल."

माझं टाळकंच फिरलं. मी मॅडमच्या मनगटाला चावले, तोंडाला रगत लागस्तोवर. आन् बोंबलले, "माय फादर इज नॉट डेड! त्यो बघा, त्योच माजा बा! मारत्यात त्याला!" गोऱ्या बाईनं तोंडावर हात ठेवला. मॅडम इंग्रजीत म्हनल्या, पोरगी डोक्यानं अधू आहे. तेवढं इंग्रजी मला कळत हुतं.

पाव्हनं गेल्यावर कोठीच्या खोलीत मला पट्ट्यानं फोडून काढली. लाथा बी घातल्या. माझा डावा कान गेला तो तवाच. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पेटीसकट गेटाभाईर.

बाच्या तळावर गेले. डोक्याला फडकं बांधून तो कोकराला दूध पाजत बसला हुता. मी पाय धरले, बाप मेला म्हनून पाठ करून घेतलेलं सगळं सांगितलं.  त्यानं एवढंच इचारलं, "मी मेलो आसं त्यास्नी सांगितलं कुनी?"

"तूच, बा. हापिसातली फाईल बघितलीया मी. आईबाप दोघं मयत. खाली तुझाच अंगठा, आन् नातं लिवलंय चुलता."

लय येळ तो अंगठ्याकडं बघत राहिला. "मला वाचून कुठं दावलं गं? शाळंचा कागद, वंगाळ कशाला आसंल?"

आमची मानसं अशीच. शाळेचा कागद दिसला की हात जोडत्यात.

येशूशी माझं भांडन न्हाई. पुढं मला घरी ठेवून शिकवलं ते मिरजेच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईनंच. तिनं कवा माझा फोटो काढला न्हाई, आन् बाला खुर्ची दिल्याबिगर सोता बसली न्हाई. पर त्या मॅडमला माफी न्हाई. माफ कर म्हननारे लय भेटले. त्यांच्या बापाला त्यांच्यासमोर कुनी हानला नव्हता.

आज मी झेडपीच्या शाळेत मास्तरीन हाय. मे महिन्यात मेंढक्यांच्या तळातळावर जाते. पोरं वसतिगृहात घालायला निघालेल्या बापांचे कागद सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचते. 'मयत' दिसलं की कागद तिथंच फाडते. औंदा वसतिगृहवाल्यांनी धाडलेले चार गडी आले, माझी स्कूटी पेटवली. एकजन मोबाईलवर शूटिंग करत म्हनला, "परत दिसलीस तर तंगडी मोडू." मी पोलिसात चौघांची नावं दिली आन् दुसऱ्या दिवशी पुढच्या तळावर चालत गेले.

मोडा तंगडी. रांगत येईन. पर माझ्या डोळ्यांदेखत जित्त्या बापाचा अंगठा त्याच्याच मरनावर पडू देनार न्हाई.