मुरारची डाक आणि डोळ्यांतला घाम

शहरातल्या कंपू भागात एका सरकारी कचेरीत आम्ही पाच सायकलवाले चपराशी होतो. डाक शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारच्या कचेरीत न्यायची, पोच घेऊन परत यायचं. अशा नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. रस्त्याची धूळ अंगावर बसते तसे ते बसत जातात. बरेचसे झटकले. जे गेले नाहीत ते सांगतो.

*

संस्थान होतं तोवर आमच्या डोक्याला साफा होता. लोकांना तो शोभेचा वाटे. आम्हाला तो घामासाठी हवा असे. एवढं कापड, सगळा घाम पिऊन टाकी. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य आलं आणि हुकूम निघाला : साफे जमा करा, टोप्या घ्या. टोपी काय पिणार? ज्येष्ठातला घाम थेट डोळ्यांत. नुसतं मीठ.

पहिल्याच आठवड्यात आमचा विठोबा जाधव रस्त्यात उभ्या टांग्यावर जाऊन आदळला. एवढा मोठा टांगा दिसला नाही का, असं आमच्या मुख्य कारकुनाने, बडे बाबूंनी, विचारलं. जाधव म्हणाला, "दोन दिसले, बाबूजी. मधून काढत होतो!"

आम्ही हसलो. बडे बाबू हसले नाहीत. नव्या राज्यात कचेऱ्यांची छाटणी चालली होती, पाचातले तीनच ठेवायचे होते. त्यांनी जाधवच्या नावापुढे शेरा मारला : नजर कमजोर. जाधवला तीन मुली होत्या आणि या नोकरीशिवाय दुसरं काही नव्हतं.

*

मग ज्याने त्याने इलाज काढले. मी भुवयांवर मेण चोळत असे. घाम कानाकडे वळायचा. गणपत पवारने टोपीच्या आत जुन्या धोतराची घडी शिवली. जाधवला कोणी सांगितलं, कपाळाला राख लाव. त्याने लावली. मुरारला पोचला तेव्हा तोंडावर राखेचा चिखल झाला होता. तिथल्या बाबूने विचारलं, "क्यों भैया, किसके घर मौत हो गई?"

शेवटी बायकोने त्याला कपाळाला बांधायची पट्टी शिवून दिली. बडे बाबूंनी ती फाटकावरच उतरवली. वर्दीत पट्टी लिहिलेली नाही, म्हणाले.

*

मुरारच्या वाटेवर, थाटीपुरच्या अलीकडे एक जागा होती. फार तर दहा पावलं. झाड नाही, पाणी नाही. भर लूमध्ये, उन्हाच्या झळांत, तिथे शिरलं की कपाळावरचा घाम एकदम गार होई आणि सुके. टांग्याचे घोडे तिथे अडत. आम्हाला मात्र बरं वाटायचं.

एक दिवस पवार तिथे डोळे पुसायला उतरला. दोन मिनिटं थांबलो, असं तो आजही सांगतो. दुपारी बाराला निघालेला माणूस मुरारच्या फाटकात शिरला तेव्हा ऊन उतरलं होतं. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग, अंग बर्फासारखं. त्यानंतर ती दहा पावलं तो श्वास धरून काढी.

मीही धरायचो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

*

भाऊराव मोरे आमच्यात वडील. त्यांना घाम येत नसे. ज्येष्ठातही टोपी कोरडी, कपाळ कोरडं. पवार त्यांना छळायचा, की भाऊराव, तुमचा घाम कुठे ठेवलाय? ते म्हणत, "येईल. घाई कसली?"

एका दुपारी कचेरीच्या बाकावर बसल्या बसल्या भाऊराव गेले. टोपी खुंटीवर राहिली. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली, तर टोपीतून पाणी ठिबकत होतं. खाली फरशीवर थारोळं. छताला गळती नव्हती, तो पावसाचा महिनाही नव्हता. पवारने बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

*

भाऊराव गेले तरी एक माणूस कमी करायचाच होता. सगळ्यांना माहीत होतं कोण. बडे बाबूंनी जाधवला शेवटची संधी दिली. भर दुपारी मुरारला लिफाफा द्यायचा, पोच आणायची आणि आल्या आल्या दारातून समोरच्या भिंतीवरचा हुकूम वाचून दाखवायचा. वाचला तर नोकरी राहील.

त्या दिवशी लू अशी होती की कुत्री नाल्यात बसली होती. जाधव गेला. आम्ही फाटकाशी उभे राहिलो.

तो आला. सदरा पिळून काढावा असा भिजलेला, हनुवटीवरून धार. पण कपाळ कोरडं. डोळे लहान मुलासारखे पांढरे स्वच्छ. दारात उभं राहून त्याने हुकूम वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. बडे बाबूंनी आमच्यादेखत शेरा खोडला.

मग त्यांनी पोच उघडली. मुरारच्या बाबूने सहीखाली लिहिलं होतं : "लिफाफा मिला। सरकारी साइकिल पर पीछे दूसरा आदमी बैठाना मना है, सवार को समझा दें।"

बडे बाबूंनी विचारलं, मागे कोणाला बसवलं होतंस?

जाधवने कोरड्या कपाळावरून हात फिरवला.

"मी बसवलं नाही, बाबूजी. स्टेशनच्या पुलापासून मागून कोणीतरी कपाळ पुसत होतं. वळून बघितलं असतं, तर पुसणं थांबलं असतं."