वॉर्डन बाई आणि माळावरची आंबट माती

वॉर्डन बाई माती खायच्या. खायच्या म्हणजे घास भरून नव्हे. चिमूटभर उचलायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे बारीक करायचे आणि थुंकून निकाल द्यायचा. कुणाच्या शेतावर गेल्या, एसटी बंद पडून रस्त्यात उतरल्या, तरी हा कार्यक्रम चुकायचा नाही. "गोड हाय", "खारट हाय", नाहीतर "मुकी हाय, काईच सांगत न्हाई." ही सवय वडिलांची. ते उमरीकडं जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. लेक शिकली, सरकारी नोकरीला लागली, पण जीभ बापाचीच राहिली. पाहुण्यांसमोर असं काही करू नका म्हणून मी त्यांना किती वेळा विनवलं असेल, पण त्या ऐकतील तर शपथ.

उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या सरहद्दीकडं, तांबड्या मातीच्या एका माळावर मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. बाई तिथल्या वॉर्डन आणि मी त्यांची सहाय्यक. मी मुरुडची, लातूरजवळच्या. आमच्याकडची जमीन काळीभोर, तिथलं माणूसही जरा जड बुडाचं. बी.ए. होऊन घरी बसले होते आणि बसणं मला मनापासून आवडत होतं. बाईंना बसणं ठाऊकच नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या, भाकरी उभ्यानं खायच्या, आणि त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर कायम कपडे वाळत असायचे. "ए मुरुड, काय बसून राहिली? ऊठ." माझं खरं नाव त्यांनी फार क्वचित घेतलं.

मी हजर झाले त्याच दिवशी त्यांनी मला परसात नेलं आणि तळहातावर माती ठेवली. "चाखून बघ." नोकरीचा पहिला दिवस, नाही कसं म्हणणार? मला नुसती कचकच लागली. "आंबट हाय का न्हाई?" मी घाबरून हो म्हणाले. माती आंबट असते हे मी त्याआधी ऐकलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून लिटमसचे चार निळे कागद मागून घेऊन आल्या. भांड्यात माती कालवली, निवळू दिली आणि वरच्या पाण्यात कागद बुडवला. तो गुलाबी झाला. "बघ, जीभ खोटं बोलती का?" असं म्हणून त्या इतक्या खूश झाल्या, की जणू आंबट माती ही काही चांगलीच गोष्ट होती.

त्या वर्षी पाऊस नुसता हजेरी लावून गेला होता. त्यातच उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झालेला. खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळ्याची वाटणी चालली होती, आणि आमच्यासारख्या आडबाजूच्या वसतिगृहाचं धान्य आता कुठून यायचं हे ठरेपर्यंत आम्ही वरणात पाणी वाढवत होतो. भाजी म्हणजे बाई आपल्या पगारातून बाजारातून जी आणतील ती, आणि बाजारातही दुष्काळच. मुली गळायला लागल्या. सणाला घरी गेलेली पोरगी परत आली नाही की मागून निरोप यायचा, लग्न ठरलं. बाईंच्या जिवाला त्याचा घोर लागला. जेवायच्या वेळी त्या पंगतीतून फिरायच्या आणि मोकळ्या जागेपाशी आल्या की पाय अडखळायचा. "पोटभर जेवण असंल तर बाप पोरीला न्यायाला धजत न्हाई," असं त्या म्हणायच्या. म्हणून परसात पालेभाजी हवी होती. पण तिथली मेथी बोटभर उगवायची, लालसर पडायची आणि तिथंच हट्टानं उभी राहायची.

आंबट मातीवर उतारा म्हणजे राख. गावात घरोघरी चुली, राखेला काय तोटा? बाई सकाळी बादली घेऊन निघाल्या आणि दोन दिवसांत गावभर कुजबुज सुरू झाली. आमच्या भागात भानामतीची भीती फार. दुष्काळाचं वर्ष, आणि ही परगावची बाई दारोदार चुलीतली राख मागून राहिली. कुणाच्या घरात काय करायचा बेत असेल, कुणी सांगावं? बायांनी दारं लोटून घेतली. एक म्हातारी तर स्पष्टच म्हणाली, "घरची राख दुसऱ्याच्या हातात देऊ न्हाई, बाई. लक्ष्मी जाती." बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मला वाटलं, आता ही म्हातारीला भाषण देणार. पण बाई म्हणाल्या, "बरोबर हाय, आजी. माझ्या हातात देऊच नका. तुमच्या हातानं येऊन आमच्या वाफ्यात टाका. तुमची राख, तुमचा हात. मी शिवणार बी न्हाई." म्हातारीनं विचार केला. तिसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन आली, तिच्यामागं तिची सून, सुनेमागं शेजारीण. मग रोज सकाळी वसतिगृहाच्या परसात बायांची ही गर्दी. राख टाकायची, मुलींची चौकशी करायची, आणि जाताना एखादी पदराखालची मूठभर शेंगदाण्याची पुरचुंडी कुणाच्या तरी हातावर ठेवून जायची. मुलींचे जोंधळ्याच्या भाकरीवरचे ते दिवस थोडे त्या शेंगदाण्यांवरही निघाले.

पण राख पाण्याबरोबर वाहून जाते, तिचा गुण टिकत नाही, असं बाईंचं म्हणणं. टिकाऊ म्हणजे चुना, आणि तोही भाजलेला नको, नुसता दगडातला. मी बोलता बोलता बोलून गेले, की आमच्या रानात चुनखडीचे पांढरे खडे निघतात, नांगराला नुसता ताप. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी मला मुरुडच्या गाडीत बसवलं. माझ्या भावानं हसत हसत पोतं भरून दिलं. येताना कंडक्टरनं विचारलं, "ताई, पोत्यात काय हाय?" म्हटलं, "दगड." तो माझ्याकडं नीट बघत म्हणाला, "तिकडं उदगीरला दगडाचाबी दुष्काळ पडला का काय?" आणि सामानाचं तिकीट फाडून हातात दिलं. ते खडे मुलींनी उखळात कांडले, जुन्या लुगड्यातून चाळले. कांडण्यात कमल सगळ्यांत पुढं. नववीतली, हाडापेरानं मोठी, गणितात हुशार, आणि न फुटणाऱ्या खड्याला तोंडभरून शिव्या देणारी. पीठ मातीत मिसळलं आणि बाईंनी सांगितलं, "आता दोन पावसाळे. मग बघ." सांगितलं खरं, पण दुसऱ्याच आठवड्यात त्या कागद बुडवून बघत होत्या. कागद गुलाबीच. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी म्हणायचे, बाई, माती काय पळून जाते का? त्या म्हणायच्या, "माती न्हाई गं, पोरी पळत्यात."

संक्रांतीनंतर कमलचे वडील आले. किल्लारीकडचे. रोजगार हमीवर खडी फोडायला जात होते, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पोरीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली. "पोरगी वाळली, बाई. हिच्या आईनं बघितलं तर मला घरात घ्यायची न्हाई. उपाशीच ऱ्हायचं तर आपल्या घरी ऱ्हाईल. आन् एक स्थळ बी आलंय." माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. बाई म्हणाल्या, "शिवरात्रीपर्यंत द्या. परसात भाजी लावून राहिले. पोरगी भरली न्हाई तर मी अडवणार न्हाई." त्यांनी परसात जाऊन वाफे बघितले. बराच वेळ बघितले. मग "हाव" म्हणाले आणि पायी निघून गेले.

त्या दिवसापासून बाईंनी झोप सोडली असावी. दोन पावसाळ्यांचं काम त्यांना एका महिन्यात करून घ्यायचं होतं. साठलेली होती तेवढी राख त्यांनी वाफ्यात ओतली, बोटभर थर. वर त्याच दिवशी गावातल्या गोठ्यातलं ताजं शेण. मी म्हटलं, "बाई, राख आणि शेण एकदम नका घालू. आधी एक मुरू द्या." त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. "तुझ्या काळ्या मातीचं मला नको सांगू. हितं येळ कुठं हाय?" मेथी पेरली, मुलींच्या अंघोळीचं पाणी चारी काढून वाफ्यात सोडलं. परसात डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. मेथी उगवली, भरभरून उगवली. मुली टाळ्या पिटत होत्या, कमल रोज सकाळी आधी वाफ्याकडं पळायची. आणि मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, पिवळ्याच्या तपकिरी झाल्या, आणि शिवरात्रीच्या आधीच सगळा वाफा आडवा झाला. बाईंनी एक रोप उपटून मूळ बघितलं. जळलेलं होतं. त्यांनी त्या मातीला जीभ लावली नाही.

शिवरात्रीला कमलचे वडील आले, वाफ्याकडं एकदा बघितलं आणि पोरीला ट्रंक भरायला सांगितलं. बाई आणखी एक महिना मागत होत्या, मग पंधरा दिवस मागू लागल्या. ते एवढंच म्हणाले, "तुमी लई केलं, बाई." कमल ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांच्यामागून गेली.

आठवड्याभरात कळलं, की हळदीचा दिवस धरलाय. बाई मला घेऊन निघाल्या. लातूरपर्यंत एसटी, पुढं जीप. वाटेत गाडी जिथं थांबेल तिथं त्या उतरायच्या आणि ड्रायव्हरला चल चल करायच्या. पोचलो तेव्हा दारात मांडव होता, चार बल्ल्या आणि वर कडब्याच्या पेंढ्या. बाईंनी वडिलांना गाठलं. पोरीचं वय झालेलं नाही, कायदा आहे, मी तक्रार करीन, सगळं सांगून झालं. ते शांतपणे म्हणाले, "कायदा हाय ते मला बी ठाऊक हाय. पोलीस आणा, मी आडवा येत न्हाई. पण हिला नेऊन खायाला काय घालणार, ते सांगा."  मला बाईंकडं बघवेना.

कमल बाहेर आली. तोंड, हात, सगळं हळदीनं माखलेलं. बाईंनी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "मी न्हाई येत आता, बाई. मांडव पडलाय. अण्णा गावात मान खाली घालून फिरतील." मग ती आत गेली आणि एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हाताला धरून घेऊन आली. धाकटी बहीण, सुनंदा. तिला बाईंच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाली, "हिला न्या. ही लई खात न्हाई, बाई."

आम्ही सुनंदाला घेऊन परत आलो. जीपमध्ये बाई रडल्या. तोंडाला पदर लावून नाही, सगळ्यांदेखत, उघड्या तोंडानं. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

त्यानंतर बाईंनी घाई सोडली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांचं चालणं, बोलणं, मला उठवणं, सगळं तसंच राहिलं. फक्त वाफ्याशी त्या वेगळ्या वागू लागल्या. राख हाताच्या मापानं, चुनखडी एकदा, आणि कुजलेलं खत त्यानंतर महिन्यानं. दोन पावसाळे गेले. दुसरा बरा झाला. त्या साली परसात पालक, मेथी, चुका, सगळं आलं, मुली पातेलं पुसून खाऊ लागल्या आणि सणाला गेलेल्या मुली परत यायला लागल्या. बाई वाढायच्या सगळ्यांना. स्वतःच्या ताटात मात्र त्यांनी ती भाजी कधी घेतली नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "मला नको, मुरुड. मला गोड लागायची न्हाई."

वाटणीत उस्मानाबाद की लातूर, कोणत्या जिल्ह्यात राहायचं ते सांगा, असं आम्हा सगळ्यांना विचारलं गेलं. बाईंचे मिस्टर उस्मानाबादला पोस्टात. सगळे समजून होते, की बाई उस्मानाबाद मागणार. त्यांनी लातूर मागितलं. मिस्टर मुद्दाम आले, खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसले आणि विचारू लागले, "आपण संसार कवा करायचा?" बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुनंदा दहावी झाली की येते." ते भले गृहस्थ. रागावले, जेवले नाहीत, पण पुढच्या खेपेला सुनंदाला कंपासपेटी घेऊन आले.

सुनंदा पहिल्या झटक्यात दहावी झाली. निकालाच्या दिवशी कमल आली, कडेवर तीन वर्षांची मुलगी. बहिणीला कवटाळलं, बाईंच्या पाया पडली आणि परसात जाऊन वाफे बघून आली. मग म्हणाली, "बाई, ही पाचवीला आली की हितंच घालणार. हिची जागा ठेवा." बाईंची बदली तोवर झाली होती, सामान बांधून तयार होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या वर्षी मुरुडला बदली मागायच्या बेतात होते. घरी आईनं माझी खोली सारवून ठेवली होती, आणि मला खरोखरच घरी जायचं होतं.

"ठेवते," मी म्हणाले.

पाचवीच्या वर्गात ती मुलगी आली तेव्हा बाई या जगात नव्हत्या. कमलनंच तिला आणून सोडलं. ट्रंक ठेवली, डोळे पुसले आणि मागं न बघता एसटी गाठली. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडं टकामका बघत होती. मी नाव विचारलं, गाव विचारलं. मग आतून फोडणीचा वास आला तशी जवळ सरकून म्हणाली, "बाई, हितं जेवाया कवा मिळतंय?"

"चल," मी म्हणाले. "आत्ताच."