नळाला लावलेलं कुंकू

शेगडीची पूजा केल्याशिवाय मी कुठल्याच घरात दूध तापवलेलं नाही. मग जपानात जेवणाचे डबे विकायला स्वतःचं स्वयंपाकघर थाटताना कशी चुकवणार? शेगडी, फ्रिज, हात धुवायचा नळ, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर "नळाला विसरू नकोस गं" म्हणून बजावत होत्या.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राचे तपासनीस आले. ते पास करणार, मगच परवाना. या देशात आल्यापासून सगळीकडे मी कुणाची तरी बायको म्हणून होते. हा परवाना तेवढा माझा एकटीचा असणार होता.

ते नळापाशी वाकले. "हा गंज आहे का?"

एरवी दुकानात भांडण्याइतकं जपानी येतं मला! पण तेव्हा "नाही... लाल... देव..." एवढंच पुटपुटले. त्यांनी अदबीनं मान लववली आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. नापास. नळावर लाल डाग, कारण अस्पष्ट. तपासणी पुन्हा होईल म्हणाले.

ती टॅबलेटची यंत्रणा योकोहामातल्या माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसनं बनवलेली. "आता खोटे परवाने बंद! ब्लॉकचेन आहे. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली. महापौरसुद्धा मागे जाऊन खोडू शकत नाही," असं जेवताना किती कौतुकानं सांगायचा.

संध्याकाळी तो बूट काढत होता तेवढ्यात मी त्याच्यावर तुटून पडले. "काढ ती ओळ!"

"अगं, काढता येत नाही. तेच तर..."

"तेच तर काय, डोंबल?"

"पास झालीस की खाली नवीन ओळ येईल. पण पहिली राहणार."

म्हणजे भिंतीवरच्या परवान्याचा कोड कुणीही स्कॅन करणार आणि वाचणार, हिच्या नळावर डाग होते. कोण खाईल माझ्या हातचं? मी भयंकर घाबरले. शेगडी घासली, फ्रिज घासला, नळ तर बोटं सोलवटेपर्यंत घासला. देवाची माफी मागायचंही सुचलं नाही. मग नवऱ्याला बसवून दोन जपानी वाक्यं घोकली.

पुढच्या खेपेला ती धडाधड म्हणून टाकली. तपासनिसांनी पास केलं आणि खाली लिहिलं : आधीचा डाग गंज नव्हता, पूजेची खूण होती, आता पुसली आहे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या जपानी आजी. मोबाईल परवान्यासमोर धरून त्या वाचत राहिल्या. खालपर्यंत वाचलं. डबा परत करणार, नक्की करणार!

त्यांनी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि माझ्या लखलखीत नळाकडे पाहिलं.

"आता ती खूण लावत नाही?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटते" म्हणण्याइतकं जपानी मला येत होतं. पण मी नुसतीच नकारार्थी मान हलवली आणि डबा त्यांच्या हातात दिला.