डॉक्टरच्या तोंडून

पाणबुडी व्लादिवस्तोकच्या धक्क्याला लागून दोन दिवस झाले, तरी अर्खिप सूश्को आतच होता. बुडालेल्या पाणबुडीतली माणसं सोडवायची, एवढ्याचसाठी बांधलेली ही बोट, आणि अर्खिप तिच्यावरचा गोताखोर. अकरा वर्षं तो सरावाला खोल उतरत होता आणि तळाशी ठेवलेल्या बोटीचं झाकण हातोडीने ठोकत होता. खरोखर अडकलेलं माणूस अजून एकही भेटलं नव्हतं. वर आल्यावर मात्र दरवेळी सहा दिवस दाबाच्या लोखंडी कोठडीत पडून राहायचं, कारण दार आधी उघडलं तर रक्त सोड्यासारखं फसफसणार. सोडवायला गेलेलाच अडकायचा, असला हा धंदा. अर्खिप त्याला विटला होता आणि त्याची बायको तया त्याच्याहून जास्त.

ती आज चार दहाच्या गाडीने सारातोवला, आईकडे, कायमची निघाली होती. जाताजाता तिने धक्क्यावरच्या चौकीतून फोन केला. कोठडीतल्या हवेत हेलियम, त्यामुळे अर्खिपचा आवाज बदकासारखा निघे आणि तो कळे फक्त सवयीच्या डॉक्टरला. म्हणून डॉक्टर बाहेर रिसीव्हर धरून मध्यस्थ झाला.

"राहा म्हणावं," अर्खिप क्वॅकक्वॅकला.

डॉक्टरला एवढं कोरडं बोलणं सोसेना. "वहिनी, तो म्हणतोय, तुझ्याशिवाय घर खायला उठेल. तुझ्या हातच्या सूपची आठवण येते म्हणतोय."

अर्खिप काचेतून पाहत राहिला. हे आपल्याला का सुचत नाही, याची त्याला लाज वाटली.

"डॉक्टर, हे तुमचं," तया थकल्या आवाजात म्हणाली. "वीस वर्षांत त्याने सूपला बरं म्हटलेलं नाही. त्याला स्वतःला बोलू द्या."

डॉक्टरने रिसीव्हर कोठडीच्या स्पीकरला लावला. अर्खिपने दोन्ही हातांनी मायक्रोफोन धरला. "तया, जाऊ नको. मला एकट्याला भीती वाटते गं. इथे आत पण वाटते, दरवेळी."

पलीकडे फक्त क्वॅकक्वॅक पोचलं. "काय म्हणाला?"

डॉक्टरने या वेळी एक अक्षर वाढवलं नाही. "भीती वाटते म्हणतोय. एकट्याला. आत पण."

"अर्खिपला? भीती?" ती हसली. "पुरे करा हो, डॉक्टर. तुमचं मन मोठं आहे, पण माझी गाडी चुकेल."

आणि तिने फोन ठेवला.