तिसऱ्या निगेटिव्हवरचं टचिंग

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मी फोटो धुवायला शिकले. हौस वगैरे काही नव्हती. नवऱ्याचा संशय आला म्हणून शिकले.

तुमसरच्या बाजारात आमचा स्टुडिओ होता. पुढे फोटो काढायची खोली, मधे अंधारी खोली, मागे आमचा संसार. रंगीत रोल तेव्हा नागपूरला पाठवावे लागत, आमच्याकडे सगळा काळा-पांढरा कारभार. आणि निगेटिव्ह ठेवायची पद्धत म्हणाल तर, बापा रे! कांद्या-बटाट्यांसारखा ढीग. कोणी यायचं, म्हणायचं, बाबा गेले, मागच्या उन्हाळ्यात काढलेला त्यांचा फोटो मोठा करून द्या. मग हे तीन दिवस ढिगात डोकं घालून बसायचे. शेवटी मी म्हटलं, "सरका, मी लावतो." आमच्याकडे बाईसुद्धा असंच बोलते.

जुन्या वह्यांच्या पानांची पाकिटं केली. पाकिटावर गाव, आडनाव आणि महिना लिहायचा. मग गावागावाची खोकी, आंधळगावचं वेगळं, कोंढ्याचं वेगळं. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगाच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत तीन निगेटिव्ह, बटर पेपरात गुंडाळलेल्या. नाव नाही, गाव नाही.

"ह्या कोणाच्या?" मी विचारलं.

"राहू दे त्या. खराब हायेत," म्हणत ह्यांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि वरच्या फळीवर सरकवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सांगा, खराब निगेटिव्ह कोणी बटर पेपरात जपतं का? गावच्या पाटलांच्या निगेटिव्हवरून उंदीर फिरत होते तेव्हा ह्यांना बटर पेपर आठवला नाही. पाणी कुठं तरी मुरत होतं.

हे बाहेर गेले की मी डबा उतरवायची आणि त्या निगेटिव्ह उजेडाकडे धरायची. तिन्हींवर एकच बाई, एकटी, खांद्यापर्यंत. पण निगेटिव्हवर माणूस ओळखू येतं होय? केस पांढरेफेक आणि तोंड कोळशासारखं. तोंड काळं करून माझ्याच घरात बसली आहे सटवी, असं मनात यायचं आणि भाजी करपायची. बाजारात कोणी बाई ह्यांच्याशी दोन शब्द जास्त बोलली की मी तिला मनातल्या मनात उलटी करून बघायची, केस पांढरे, तोंड काळं. एकही जुळेना.

मग एक दिवस म्हटलं, "मले शिकवा. तुमी लग्नाच्या फोटोले जाता, गिऱ्हाईक वापस जाते."

बिचारे खूश झाले. त्यांना वाटलं, बायकोला धंद्याची गोडी लागली. लाल दिव्याखाली तीन तसराळी मांडून सगळं समजावून सांगितलं, फोटो उमटवणारा डेव्हलपर, मधे पाणी, फोटो पक्का करायला हायपो. मे महिन्यात डेव्हलपर इतका तापायचा की त्याचा डबा माठातल्या पाण्यात बुडवून ठेवावा लागायचा. माझा पहिला फोटो ठार काळा आला, कारण एन्लार्जरचा उजेड कागदावर पाडताना मी दहा आकडे म्हणजे दहा देवांची नावं घेतल्यासारखे सावकाश मोजले. दुसऱ्यावर माझाच अंगठा उमटला. वाळत घातलेल्या फिल्मवर राइस मिलचा भुसा येऊन बसायचा, त्याचे फोटोत पांढरे ठिपके पडायचे. ते बुजवता बुजवता मी टचिंगही शिकले.

टचिंग म्हणजे कडक पेन्सिल सुईसारखी टोकदार घासायची आणि श्वास धरून निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके द्यायचे. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हवर फिकट दिसतो. तो शिशाने भरला की फोटोत डाग गायब. "इथं जे काळं करशीन ते तिकडं गोरं होते," हे म्हणाले. माणूस शिकवायला फार चांगला होता, हे मला कबूल करावंच लागतं. मी मान हलवत होते आणि डोळा फळीवर होता.

हे एका लग्नासाठी कोंढ्याला गेले, दोन दिवसांसाठी. मी भर दुपारी पुढचं दार लावलं, अंधाऱ्या खोलीत शिरले आणि डब्यातली सगळ्यात वरची निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी केस आले, मग भुवया, मग डोळे. आणि मग एक गुळगुळीत, गोरीपान पोरगी माझ्याकडे बघायला लागली. माय वं! ह्या भवानीला मी कुठंतरी पाहिलं होतं, पण कुठं ते आठवेना.

रडत रडतच दुसरी घातली. हिच्या गालावर अंधुक डाग होते. तिसरी घातली, आणि डाव्या गालावर एका रांगेत देवीचे तीन वण वर आले. माझा हात आपोआप माझ्या गालावर गेला. तिघीही मीच होते.

फोटो धुतले, ओल्या फोटोंपुढे बसले आणि एकेक आठवत गेले. लग्नाआधी बाबा मला दर स्थळाच्या वेळी नव्या फोटोसाठी ह्याच स्टुडिओत घेऊन आले होते. पहिल्या स्थळाला वणांसकट फोटो गेला, तिकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्याच्या वेळी बाबांनी फोटोवाल्याला थोडं टचिंग करायला सांगितलं. ते लोक आले, पोहे खाऊन गेले आणि गप्प बसले. तिसऱ्याच्या वेळी सात माणसं आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भर बैठकीत म्हणाला, "फोटोतल्या पोरीले बलावा."

बाबा फोटोवाल्याशी भांडायला तुमसरला गेले. चौथ्या दिवशी फोटोवाला स्वतः माफी मागायला घरी आला आणि त्यानं मला मागणी घातली. सगळं गाव म्हणालं, देवमाणूस! कोणी घेत नव्हतं त्या पोरीला पदरात घेतलं. मीही तेच म्हणत आले होते. सहा वर्षं त्यांच्यासमोर आवाज चढवताना ते उपकार आडवे यायचे.

तिसऱ्या स्थळाच्या फोटोची, म्हणजे डब्यात सगळ्यात वर होती ती निगेटिव्ह मी तिरपी करून उजेडात धरली. सगळा गाल शिशानं चमकत होता. हे थोडं टचिंग नव्हतं.

हे परत आले तेव्हा तिन्ही फोटो मी त्यांच्या ताटाशेजारी मांडले.

"तिसरा इतका चिकना करा म्हणून माया बाबानं सांगितलं होतं?"

त्यांनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "नाई. मागच्यासारखाच कर म्हणले होते."

"मंग काहून केला?"

"मागच्यासारखा केला असता तं ते लोक हो म्हणाले असते. चांगल्या घरचा पोरगा होता, मले मालूम होता; फोटोनं फसवलं वाटलं तरच ते उठून जातीन."

"मंग सीधं मागाचं होतं मले!"

"ना शेती ना वाडी, एक कॅमेरा अन् भाड्याची खोली. धानशेतीवाल्याची पोरगी देली असती मले तुया बाबानं?"

दिली नसती. वण नसते तर नक्कीच नाही, आणि वण असूनही तीन ठिकाणी नापास झाल्याशिवाय नाही. हे त्यांनी नीट ओळखलं होतं. मला इतका राग आला की ताट उचलून मोरीत ठेवलं, जेवू दिलं नाही. ती सात माणसं, तो म्हातारा, आईचं पडलेलं तोंड, सगळं ह्या माणसाच्या पेन्सिलीतून आलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच रागात एक गोड कळही होती. मी कोणाच्या दयेनं ह्या घरात आले नव्हते. कोणीतरी माझ्यासाठी चक्क लबाडी केली होती.

"सात मानसांपुढे माही इज्जत गेली, ते दिसलं का तुमाले?" मी विचारलं.

"तवा नाई दिसलं," ते म्हणाले. "मागाहून रोज दिसलं."

मी पेन्सिली, घासायचा कागद, सगळं उचलून माझ्या पेटीत ठेवलं. त्यानंतर आमच्या स्टुडिओत लग्नाच्या पोरींचं टचिंग मीच केलं. बाप पुढे होऊन सांगायचा, हा डाग काढा, तो वण काढा. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवायची, दार लोटायची आणि पोरीला विचारायची, "तुयं काय म्हणणं हाये?" पुष्कळ जणींना आधी प्रश्नच कळायचा नाही.