गुण जाईल म्हणून

"लिव्हर कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि मी आधी बेसिनवरच्या आरशात डोळे पाहिले. पिवळे नव्हते. माझ्या नवऱ्याचे झाले होते, चाळीस वर्षांपूर्वी.

तेव्हा मी फार शहाणी. आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीतून यांच्यासाठी काविळीचा पाला आणायची. रस उपाशीपोटी द्यायचा आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही दिलंत?" शहाणीने तोंडाला पदर लावून नाही म्हणून मान हलवली. चौथ्या दिवशी हे गेले.

माझी गाठ कापण्याजोगी नव्हती. मुंबईच्या या डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायल सुचवली, म्हणजे नव्या औषधाची माणसांवर घेतलेली पारख. गोळी टार्गेटेड, गाठीला वाढायचा आणि पसरायचा जो निरोप मिळतो, तोच अडवणारी. "गुण येईलच असं नाही. पण दुसरं काहीही घेतलंत तर आम्हाला सांगायचं." मी सही केली.

सहाव्या आठवड्यात तळपाय सोलवटले, जेवण सुटलं. पोलादपूरला धाकटी जाऊ पदराखाली बाटली घेऊन आली. "घे गो बाय. त्या गोळ्यांनी काय व्हतंय? पन कुनाला बोलू नको."

घेतलं. आठ दिवस. सत्तरी उलटलेली मी.

पुढच्या तपासणीत एन्झाइम वाढलेले निघाले. लिव्हरला इजा झाली की ते रक्तात उतरतात. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. खरं सांगितलं तर ट्रायलमधून काढतील, आणि दुसरं औषध नव्हतं. त्या खोलीत मला ती दिसली, तोंडाला पदर लावलेली तरणी बाई, मान हलवायच्या तयारीत.

"दिलाय," मी म्हणाले. मग सुधारलं, "घेतलाय. पाल्याचा रस."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "नाहीतर दोष आम्ही गोळीला दिला असता." पाला बंद, गोळीही तीन आठवडे बंद. रक्त निवळलं, तेव्हा कमी मात्रेत परत सुरू. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती, कुठे पसरली नव्हती. याला स्टेबल म्हणतात. बरी नव्हे, थांबलेली.

तुमच्याकडेही कुणी मायेने बाटली आणेल. जावेवर माझा राग नाही. मीही मायेनेच आणायची. पण विचारलं की सांगा. मला तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला, हे मुंबईच्या डॉक्टरांचे उपकार.

महाडच्या त्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. परवा दारात थांबले. "होय, दिला होता," म्हणाले.

दुकानदाराने वर पाहिलं. "कुनाला, आजी?"

"माझ्या माणसाला."

त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले.